छातीवरचा क्रमांक

बंगळूरचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम शहाजीराजे आठवतात. विजापूरच्या फौजांनी १६३८ साली हे गाव केंपेगौडाकडून घेतले, ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि १६८७ साली मोगलांनी ते जिंकून म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना देईपर्यंत भोसल्यांचा वावर तेथे राहिला. त्या काळी सैन्यात अधिकारपद मिळण्याची रीत सरळ होती. ज्याच्या पदरी घोडी आणि माणसे तो सरदार, आणि सरदाराचा मुलगा बहुधा सरदार. 'बहुधा' म्हणायचे ते अशासाठी, की धनगराच्या घरी जन्मलेला मल्हारराव होळकर माळव्याचा सुभेदार झाला, हेही त्याच इतिहासात घडले आहे. पण मल्हाररावाची पारख कोणी टेबलापलीकडे बसून केली नव्हती. ती रणांगणाने केली, आणि रणांगणाची परीक्षा फार महागाची असते. तीत नापास होणारा एकटा मरत नाही, आपल्या हाताखालच्यांनाही घेऊन मरतो.

माणूस रणांगणावर जाण्यापूर्वीच ही पारख करता येईल काय, हा प्रश्न पुढे ज्या शहरांत सतत विचारला गेला त्यांत बंगळूरचे, म्हणजे आजच्या बेंगळूरुचे, स्थान मोठे आहे. इंग्रजांनी १८०९ साली येथे छावणी वसवली. हलसूरच्या तळ्याच्या बाजूने बराकी उभ्या राहिल्या, कवायतीचे मैदान आखले गेले, गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी बाग असलेले बंगले आले. पेठेतले बंगळूर आणि छावणीतले बंगळूर अशी दोन गावेच जणू शेजारी शेजारी नांदू लागली.

त्या बंगल्यांपैकी एकात १८९६ साली विन्स्टन चर्चिल नावाचा एक तरुण घोडदळ-अधिकारी येऊन राहिला. सकाळी परेड, सायंकाळी पोलो आणि दुपारच्या उन्हात गिबन व मेकॉले यांचे वाचन, असा त्याचा दिनक्रम होता. बंगळूरच्या क्लबाच्या जुन्या वहीत त्याच्या नावावर राहिलेली तेरा रुपयांची थकबाकी अजून कौतुकाने दाखवली जाते. त्याच्या उमेदवारीची हकीकत मात्र थकबाकीपेक्षा बोधक आहे. सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयाची प्रवेशपरीक्षा तो दोनदा नापास झाला आणि १८९३ साली तिसऱ्या खेपेस कसाबसा उत्तीर्ण झाला. गुण इतके बेताचे, की पायदळाऐवजी घोडदळात जाणे भाग पडले. घोडदळाचा खर्च भारी, घोडी आणि पोलोचा थाट घरच्या पैशांतून करावा लागे. म्हणून तेथे गुण थोडे कमी असले तरी चालत. अधिकारपद उघडपणे पैसे मोजून विकत घेण्याची इंग्लंडातली चाल १८७१ साली बंद झाली होती, पण पैशाचा वास तिच्यामागून लगेच गेला नाही.

हिंदी माणसाला तर हा दरवाजा पुष्कळ काळ बंदच होता. जमादार, सुभेदार, रिसालदार येथवर चढता येई. चाळीस वर्षे चाकरी केलेल्या, छातीवर पदके मिरवणाऱ्या सुभेदाराने काल विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम करायचा, हा तेथील नियम. वर 'लढाऊ जाती' नावाचे एक शास्त्र रचले गेले. काही जाती जन्मतःच शूर आणि बाकीच्या जन्मतःच भित्र्या, असे त्याचे सार. दक्षिणेतील लोकांची भरती त्यापायी घटत गेली. ज्यांनी कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली त्या महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झाली, आणि पहिल्या महायुद्धातील थोडा काळ सोडला तर १९४१ साली बेळगावास महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ती बंदच राहिली. शास्त्राच्या नावाखाली खपलेल्या इतक्या अशास्त्रीय गोष्टी इतिहासात फार थोड्या असतील.

पहिल्या महायुद्धात हिंदी रक्त फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत सांडल्यावर १९१८ पासून वर्षाला दहा हिंदी तरुणांना सँडहर्स्टला जागा मिळू लागल्या. दहा! आणि या दहांची निवड करताना घराणे, राजनिष्ठा आणि साहेबांचे शिफारसपत्र यांनाच वजन असे. मग समित्या नेमल्या गेल्या. १९३१ च्या लष्करी विद्यालय समितीत नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे होते. तिच्या अहवालानंतर १९३२ साली देहरादून येथे इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण. त्यांपैकी तिघे पुढे तीन निरनिराळ्या देशांचे सेनापती झाले: सॅम माणेकशॉ भारताचे, महंमद मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे.

दुसरे महायुद्ध आले आणि चाळिसांच्या हिशेबाने भागेना. युद्धाच्या आरंभी शेकड्यांत मोजता येणारे हिंदी अधिकारी युद्ध संपताना आठ हजारांच्या पुढे गेले होते. इतकी माणसे घडवण्यासाठी महू, बेळगाव आणि बंगळूर येथे अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणशाळा निघाल्या. शांततेच्या काळातील शिक्षण काही महिन्यांत आटोपण्यात येऊ लागले. कवायत, शस्त्रे, नकाशावाचन, तुकडी चालवण्याचा अभ्यास. आणि विलायतेहून बोटीने आलेले गोरे उमेदवारही याच आवारांतून बाहेर पडू लागले.

बंगळूरच्या या शाळेतून गेलेल्या उमेदवारांत पुण्याच्या सरदार दस्तूर विद्यालयात शिकलेला एक पारशी मुलगा होता. अर्देशीर बुर्झोरजी तारापोर हे त्याचे नाव. त्याचा जन्म मुंबईतला, १९२३ सालचा. घराणे असे, की पूर्वज रतनजीबा यांनी शिवछत्रपतींच्या चाकरीत पराक्रम केल्याबद्दल शंभर गावे मिळाली आणि त्यांतील मुख्य गावावरून तारापोर हे आडनाव आले, ही परंपरा त्याच्या घरात सांगत. हैदराबाद संस्थानच्या फौजेसाठी त्याची निवड झाली. आधी गोवळकोंड्याच्या शाळेत आणि मग बंगळूरला शिक्षण घेऊन १ जानेवारी १९४२ रोजी वयाच्या अठराव्या वर्षी तो सेकंड लेफ्टनंट झाला. त्याला हवे होते चिलखती दल. मिळाले सातवे हैदराबाद पायदळ, आणि त्याचे मन काही तेथे रमेना.

पुढे एके दिवशी हातबाँब फेकण्याच्या मैदानावर एका नवशिक्या शिपायाचा नेम चुकला आणि पेटता बाँब भलत्याच जागी पडला. तारापोरने उडी घेतली, तो बाँब उचलला आणि दूर भिरकावला. तो हवेतच फुटला. तुकडे त्याच्या छातीत घुसले, परंतु माणसे वाचली. संस्थानी फौजेचे सेनापती एल एद्रूस हे दृश्य पाहत होते. त्यांनी या तरुणाला भेटीस बोलावून पाठ थोपटली, तेव्हा त्याने बक्षीस मागितले ते एकच: चिलखती दलात बदली. ती मिळाली. संस्थान विलीन झाल्यावर त्याची निवड भारतीय सैन्यात झाली आणि १९५१ साली तो पूना हॉर्स या रिसाल्यात आला. सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लौरा व चविंडा येथील रणगाड्यांच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल तारापोर याच रिसाल्याचे प्रमुख होते. जखमी झाल्यावरही मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्या रिसाल्याने स्वतःचे नऊ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे साठ निकामी केले. १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

या माणसाच्या अंगी असलेला गुण १९४१ साली बंगळूरला कोणाच्या ध्यानात आला असता काय? पंधरा मिनिटांच्या मुलाखतीत घराणे विचारता येते, खेळ विचारता येतात, इंग्रजी ऐकता येते. बाँब पडल्यावर हा पोरगा पुढे धावेल की मागे, हे विचारून कळत नाही. नेमकी हीच अडचण त्या वर्षांत इंग्रजी सैन्याला भेडसावत होती. जुन्या पद्धतीच्या मुलाखतीतून निवडलेले कितीतरी उमेदवार प्रशिक्षणात अपुरे पडून परत जात होते, आणि साध्या घरांतील शिपायांची तक्रार होती की आमच्याकडे कोणी पाहतच नाही.

यावरचा तोडगा एका अर्थाने शत्रूच्या घरून आला. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाचेच सैन्य आणि चार हजारच अधिकारी ठेवण्याची मुभा दिली होती. जागा थोड्या, म्हणून जर्मनांनी मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने माणसे पारखून घेण्यास आरंभ केला. उमेदवाराला विजेचा प्रवाह वाढत जाणारी स्प्रिंग ओढायला लावायची आणि त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्रण करायचे, असे विचित्र प्रकारही त्यांत होते. इंग्रजांनी विचित्र भाग सोडला, कल्पना उचलली आणि १९४२ साली एडिंबरो येथे पहिले प्रायोगिक निवड मंडळ बसवले. त्याच १९४२ साली जर्मन भूदलाने आपला मानसशास्त्र विभाग गुंडाळून टाकला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

एडिंबरोच्या मंडळात विल्फ्रेड बायॉन नावाचे एक मनोवैद्य होते. त्यांचा जन्म आपल्या मथुरेचा. वडील पाटबंधाऱ्यांवर इंजिनियर. पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढलेल्या या माणसाला युद्ध पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांनी काढलेली युक्ती दिसायला अगदी साधी होती. आठ-दहा उमेदवारांना एक काम द्यायचे, ओंडके आणि दोर द्यायचे, आणि नायक मात्र नेमायचा नाही. मग प्रत्येक उमेदवार पेचात सापडतो. त्याला स्वतःला उठून दिसायचे आहे, पण काम सर्वांनी मिळून केल्याशिवाय होत नाही. जो नुसता ओरडतो त्याचे कोणी ऐकत नाही. जो गप्प राहतो तो दिसत नाही. दुसऱ्याची चांगली सूचना उचलून धरायला जे मन लागते, ते त्या घटकेला कोणालाही सोंग म्हणून आणता येत नाही.

ही पद्धत हिंदुस्थानात यायला वर्षच लागले. १९४३ साली देहरादून येथे प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांचे पुष्कळ काही मोडीत निघाले, पण ही पद्धत भारताने ठेवली, आणि तिच्यावर संशोधन करण्यासाठी १९४९ साली संरक्षण खात्यात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. निवड मंडळांची केंद्रे देशात ठिकठिकाणी झाली. दक्षिणेचे केंद्र बंगळूरला, मार्क कबन या जुन्या कमिशनरच्या नावाच्या रस्त्यावर आहे. महाराष्ट्रातील मुलांना बहुधा भोपाळचे किंवा बंगळूरचे बोलावणे येते. पहिल्यांदाच येणाऱ्याला रेल्वेचे भाडे सरकार देते. उद्यान एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सोलापूरचा, साताऱ्याचा, पुण्याचा मुलगा लोखंडी पेटी किंवा पाठपिशवी घेऊन उतरतो, कागदपत्रे दाखवतो आणि त्याच्या छातीवर व पाठीवर एक क्रमांक बांधला जातो.

येथून पुढे पाच दिवस त्याला नाव नाही. तो 'सात नंबर' किंवा 'बावीस नंबर'. या गोष्टीने प्रथम पुष्कळांना चमत्कारिक वाटते, पण जरा विचार केला तर तिच्यातले औदार्य ध्यानात येते. मैदानावरच्या सोबत्यांना आणि मैदानावरच्या अधिकाऱ्याला आडनाव ऐकू येत नाही. ज्या देशात आडनावावरून जात, गाव आणि बापाचा धंदा ओळखण्याची कला घरोघर अवगत आहे, त्या देशात हे लहानसे कापड पुष्कळ काही झाकते.

पूर्वी आलेल्या प्रत्येकाला सर्व चाचण्या देता येत. आता पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमापनाचे प्रश्न सोडवायचे, मग पडद्यावर तीस सेकंद दाखवलेल्या अंधुक चित्रावरून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि सर्वांनी मिळून एकच गोष्ट ठरवायची. पंधरा जण एकदम बोलू लागतात तेव्हा तेथे मासळीबाजार होतो. त्याच दुपारी क्रमांक वाचले जातात. ज्यांचे वाचले गेले नाहीत त्यांची पुष्कळदा निम्म्याहून मोठी फळी संध्याकाळच्या गाडीला लागते. रात्रीचा प्रवास करून आलेल्या पोराला पुन्हा रात्रीचाच प्रवास.

उरलेल्यांचा दुसरा दिवस लेखणीचा. एकामागून एक बारा चित्रे दाखवतात. बाराव्या वेळी पडदा कोराच असतो आणि त्या कोऱ्या पडद्यावरची गोष्ट ज्याची त्याने मनातून काढायची. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मग साठ प्रसंग, अर्धा तास. घाई मुद्दाम ठेवलेली असते. विचार करून चांगले दिसणारे उत्तर रचायला सवड मिळू नये म्हणून. शेवटी स्वतःविषयी लिहायचे: आईवडिलांना तू कसा वाटतोस, शिक्षकांना कसा वाटतोस, मित्रांना कसा वाटतोस, आणि तुला स्वतःला तू कसा वाटतोस. अठरा-एकोणीस वर्षांच्या मराठी मुलाला हा प्रश्न घरात किंवा शाळेत सहसा कोणी विचारलेला नसतो.

पुढचे दोन दिवस मैदानाचे. फळी, बल्ली आणि दोर ही तिथली त्रिमूर्ती. तांबड्या रंगाच्या भागाला शिवायचे नाही, रेषांमधील जमिनीला पाय लावायचा नाही आणि ओझे घेऊन सर्व गटाने पलीकडे जायचे. खोलीत छान बोलणारा येथे फळीच्या टोकाशी थरथरतो. खोलीत गप्प असलेला, शेतावर बैलगाडी लादलेला मुलगा बल्ली कोठे टेकवली म्हणजे वजन तोलेल हे नजरेने ओळखतो. नंतर अडथळ्यांची शर्यत, तीन मिनिटांचे भाषण, आणि एकेकाला नायक करून त्याने स्वतः निवडलेल्या सोबत्यांकडून काम करवून घेण्याची चाचणी. कोण कोणाला सोबत घेतो, हे नोंदणारा अधिकारी कडेला उभा असतो. तो बोलत नाही, हसत नाही. त्या शांततेला उमेदवार सर्वांत अधिक भितात. मधल्या एखाद्या दिवशी मुलाखत असते आणि ती कधी कधी तासभर चालते.

मंडळाच्या परिभाषेत या व्यवस्थेला 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतात. मानसशास्त्रज्ञ मन पाहतो, मुलाखत घेणारा वाणी, आणि मैदानावरचा अधिकारी कृती. तिघे आपापले मत स्वतंत्र बनवतात, एकमेकांत चर्चा करत नाहीत. पाचव्या दिवशी परिषदेच्या वेळी तीन मते प्रथमच एकत्र येतात. उमेदवार गणवेशातील साऱ्या मंडळापुढे एकटा बसतो. त्याला विचारतात ते बहुधा किरकोळच: राहणे-जेवणे ठीक होते ना, नवे मित्र कोण झाले.

ही पद्धत निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. तिच्यावरचा सर्वांत खरा आक्षेप भाषेचा. जो मुलगा मराठी शाळेत शिकला त्याला विचार सुचतो मराठीत, चार मिनिटांत गोष्ट लिहायची ती इंग्रजीत. घड्याळ धैर्य मोजते की व्याकरण, असा प्रश्न पडावा. शहरांतून निघालेले शिकवणीवर्ग हा दुसरा रोग. तेथे धैर्याचे वाक्प्रचार पाठ करून घेतात आणि मानसशास्त्रज्ञांचा बराचसा वेळ ते पाठांतर खरवडून काढण्यात जातो. महाराष्ट्राने यावर केलेले उपाय अधिक मूलगामी म्हणावे लागतील. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यास निघाली. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली आणीबाणीची अधिकारभरती झाली तेव्हा मद्रासबरोबर पुण्यालाही प्रशिक्षणशाळा काढण्यात आली. १९७७ साली राज्य सरकारने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था स्थापन केली. तेथे खेड्यातील मुलाला दोन वर्षे बोलायला, धावायला आणि वर्तमानपत्र वाचायला शिकवतात.

नाकारल्या गेलेल्यांची गोष्ट लष्कराच्या इतिहासात लिहिली जात नाही. एक मात्र लिहिली गेली आहे, कारण ती सांगणारा माणूसच तसा होता. १९५८ साली देहरादूनला वायुसेनेच्या निवड मंडळापुढे पंचवीस उमेदवार होते, जागा आठ होत्या, आणि रामेश्वरच्या नावाड्याचा मुलगा अब्दुल कलाम नववा आला. निराश होऊन तो हृषीकेशला गेला, परत आला, आणि संशोधनखात्याची नोकरी धरून पुढे याच बंगळूरला एका नव्या संस्थेत हवेच्या गादीवर चालणारे 'नंदी' नावाचे यान बांधू लागला. २००२ साली तो राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांचा सरसेनापती झाला. ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून त्याने सुखोई विमानातून उड्डाण केले तेव्हा त्याचे वय चौऱ्याहत्तर होते. त्या निवड मंडळाने चूक केली असे यावरून म्हणता येत नाही. आठ जागा असताना नवव्याला नाकारावेच लागते.

बंगळूरच्या केंद्रावर आता मुलींचीही रांग असते. स्त्रियांना सैन्यातील अधिकारपदे १९९२ पासून वैद्यकीय सेवेबाहेरही मिळू लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९२१ नव्हे, तब्बल शतकानंतरच्या म्हणजे २०२१ सालच्या आदेशाने खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार त्यांना उघडले. २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी तेथे दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तेथील संचलनातून बाहेर पडल्या. फळी, बल्ली आणि दोर त्यांनाही तेच होते.

परिषद आटोपली की पाचव्या दिवशी दुपारी सर्वांना एका दालनात बसवतात. निकाल वाचणारा अधिकारी प्रथम सांगतो की येथे कोणी नापास झालेला नाही, पुन्हा यावे. मग तो क्रमांक वाचतो. कधी पाच-सहा असतात, कधी एकच, कधी एकही नसतो. ज्याचा क्रमांक आला त्याने उठून पुढे यायचे आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगायचे. त्याला वैद्यकीय तपासणीसाठी आणखी काही दिवस बंगळूरलाच थांबावे लागते. बाकीचे क्रमांकाची कापडे सोडून, घडी करून टेबलावर ठेवतात आणि स्टेशनकडे निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी तुकडी यायची असते.